नातेपुत्यातून मोजलेला वेग

मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत गाड्या ३.३३७ किलोमीटरच्या रस्त्याला ७८ फेऱ्या मारतात. एकूण २६० किलोमीटर आणि वर २८६ मीटर. नातेपुत्याच्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटायला हरकत नाही, कारण आळंदी ते पंढरपूर हे पालखीचं अंतरही साधारण अडीचशे किलोमीटरच भरतं आणि माउलींच्या पालखीचा एक मुक्काम नातेपुत्यात असतो. २०२५ साली लँडो नॉरिसने मोनॅकोची शर्यत एक तास चाळीस मिनिटांत संपवली. पालखीचे अठरा दिवस धरले तर गडी अडीचशे पट वेगाने गेला. पालखीच्या हिशेबात कीर्तनं, भारुडं, पंगती, पाऊस आणि रात्रीची झोप सगळं आलं, हे खरं. नॉरिसच्या हिशेबात मात्र श्वास घ्यायलाही जागा नाही. त्या रस्त्याला १९ वळणं आहेत, म्हणजे शर्यतभरात १,४८२. शंभर मिनिटं, दर चार सेकंदांना एक वळण, आणि दोन्ही अंगांना लोखंडी कठडे.

मोनॅको हा अख्खा देशच मुळी दोन चौरस किलोमीटरचा. एकरांत सांगायचं तर पाचशेच्या थोडा पुढे. माळशिरस तालुक्यात एवढ्या क्षेत्रात ऊस लावला तर उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला त्याचं विशेष काही वाटणार नाही.

मोनॅकोचा अपवाद सोडला तर बाकीच्या फॉर्म्युला वन शर्यतींचं अंतर ठरलेलं आहे. ३०५ किलोमीटर ओलांडायला लागतील तेवढ्या पूर्ण फेऱ्या, बस्स. हा ३०५ चा आकडा लक्षात ठेवा, कारण मोटार शर्यतीच्या दुनियेत तो आणखी एका ठिकाणी भेटतो. अमेरिकेत ‘टॉप फ्युएल’ नावाची सरळ रेषेतली शर्यत असते. दोन लांबलचक गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा लागतो आणि दोघी हजार फूट धावतात. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. म्हणजे एकीकडे ३०५ किलोमीटर, दुसरीकडे त्याचा हजारावा भाग, आणि तेवढंसं अंतर काटायला इंजिन लागतं अकरा हजार अश्वशक्तीचं. वेळ लागतो पावणेचार सेकंदांहून कमी. शेवटच्या रेषेवर वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या घरात गेलेला असतो आणि गाडी थांबवायला मागून पॅराशूट सोडावं लागतं.

अकरा हजार अश्वशक्ती म्हणजे किती, याचा अंदाज घोड्यांवरून येत नाही. आपल्या भागात घोडे उरलेतच किती? त्यापेक्षा बैल बरे. शेतीच्या यंत्रशास्त्रात चांगली बैलजोडी नांगराला साधारण एक अश्वशक्ती देते असं धरतात. तेव्हा अकरा हजार बैलजोड्या. एका गाडीबैलाला पाच मीटर जागा दिली आणि नातेपुत्यातून पंढरपूरच्या दिशेने रांग लावली तर माळशिरस गेलं, वेळापूर गेलं, रांगेचं तोंड भंडीशेगावच्या वाटेवर पोचलेलं असेल. पंचावन्न किलोमीटरची ही रांग एका माणसाच्या पाठीमागे, आठ सिलिंडरांत बसवलेली असते. ती प्यायलाही तशीच बसते. तापवणं, टायर घासून घेणं आणि प्रत्यक्ष धाव मिळून चाळीस-पन्नास लिटर नायट्रोमिथेन. लिटरला सहा-सात मीटर. फॉर्म्युला वनची गाडी त्यामानाने काटकसरी. २०२५ पर्यंतच्या नियमात तिला पूर्ण शर्यतीला ११० किलो इंधन होतं, म्हणजे लिटरला दोन किलोमीटर पडतात.

माझा आवडता आकडा मात्र याहून बारीक आहे. टॉप फ्युएलचं इंजिन मिनिटाला आठ हजारांच्या आसपास फेरे घेतं. साडेतीन-पावणेचार सेकंदांच्या धावेत त्याचे फेरे होतात पाचशेच्या जवळपास. एवढ्यासाठी ते जन्माला येतं. धाव संपली की मेकॅनिक मंडळी ते तिथल्या तिथे उघडतात, जळलेलं काढतात, नवं बसवतात, आणि तासाभराच्या आसपास पुढच्या पाचशे फेऱ्यांसाठी ते तयार. आपल्या घरच्या मोटारसायकलचं इंजिन सकाळी वैरण आणायला जाताना गल्लीच्या टोकापर्यंतच एवढे फेरे घेऊन मोकळं होतं.

ही झाली मोठ्या आकड्यांची गंमत. पण या खेळात मुरलेली माणसं मोठ्या आकड्यांबद्दल फारसं बोलत नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये चालक आणि त्याचा इंजिनिअर यांचं रेडिओवरचं बोलणं टीव्हीवर ऐकायला मिळतं. ते कान देऊन ऐकावं. त्यात ताशी तीनशे, ताशी साडेतीनशे असलं काही येत नाही. पुढच्याशी अंतर किती सेकंदांचं, अमुक वळणावर किती दशांश गेले, मागचा फेरीमागे किती दशांश खातोय, टायर अजून किती फेऱ्या टिकतील. झालं. वेग हा प्रेक्षकांनी तोंडात बोट घालायचा विषय. आतल्यांचा सगळा संसार एका सेकंदाच्या आत.

त्या संसाराची मापं नातेपुत्याच्या रस्त्यावर लावून बघू. ताशी तीनशे किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. या वेगाने नातेपुते ते माळशिरस हा अठरा किलोमीटरचा टप्पा तीन मिनिटं छत्तीस सेकंदांत संपतो. पालखीला दिवस लागतो, कारण मध्ये पुरंदवड्याचं गोल रिंगण असतं. आता सेकंदाचा हजारावा भाग घ्या. तेवढ्यात ती गाडी आठ सेंटिमीटर सरकते. मोटार शर्यतीत घड्याळ इथपर्यंत तरी वाचतंच.

आणि कधी कधी तेवढंही पुरत नाही. १९९७ साली स्पेनमधल्या हेरेझच्या ट्रॅकवर हंगामातली शेवटची शर्यत होती. जगज्जेता कोण, हे तिथेच ठरणार होतं. आदल्या दिवशी कोणी कुठून सुटायचं यासाठी चाचणी फेऱ्या झाल्या. जाक विल्नव्हने वेळ नोंदवली १ मिनिट २१.०७२ सेकंद. थोड्या वेळाने मिखाएल शुमाखर आला, १ मिनिट २१.०७२. मग हाइन्झ-हाराल्ड फ्रेंटझन, १ मिनिट २१.०७२. तीन माणसं, तीन वेगवेगळ्या वेळी, जवळजवळ साडेचार किलोमीटरच्या फेरीत. त्या फेरीचा सरासरी वेग काढला तर सेकंदाच्या हजाराव्या भागात गाडी साडेपाच सेंटिमीटर जाते. म्हणजे या तिघांतला फरक हाताच्या तीन बोटांत मावत होता. नियम असा की ज्याने वेळ आधी नोंदवली तो पुढे. विल्नव्ह पहिला उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी विश्वविजेताही तोच झाला.

त्याआधीचं मोंझा, १९७१, हे तर गोष्टीसारखं आहे. इटलीतल्या या शर्यतीत पाच गाड्या ०.६१ सेकंदाच्या आत रेषा ओलांडून गेल्या. पीटर गेथिन हा इंग्रज जिंकला एक शतांश सेकंदाने, रॉनी पीटरसनच्या पुढे. तीनशे किलोमीटरवर धावल्यावर जिंकणाऱ्याची आघाडी पाऊण मीटरसुद्धा नव्हती. गेथिनने जागतिक अजिंक्यपदाची शर्यत त्याआधी जिंकली नव्हती आणि त्यानंतरही जिंकली नाही. अमेरिकेतल्या नॅस्कार मालिकेत २०२४ साली कॅन्ससला काइल लार्सन जिंकला तो ०.००१ सेकंदाने. याच्या खाली आता घड्याळवाल्यांनी जायचं की देवाने, एवढाच प्रश्न उरतो.

हा एक दशांश, एक सहस्रांश विकत घ्यायला किती पैसे पडतात? इथे मला खरोखर भोवळ आली. फॉर्म्युला वनने संघांच्या वार्षिक खर्चाला कात्री लावली, तीही अशी की २०२५ पर्यंत मूळ मर्यादा १३.५ कोटी डॉलर. आपले अकराशे कोटी रुपये धरा. त्यात चालकांचा पगार नाही, सगळ्यात वरच्या तिघांचा पगार नाही, इंजिन बनवण्याचा खर्च वेगळा. आता हंगामात २४ शर्यती, प्रत्येकी ३०५ किलोमीटर, संघाच्या गाड्या दोन. म्हणजे १४,६४० किलोमीटर शर्यत. भागाकार केला की किलोमीटरला साडेसात लाख रुपये, मीटरला साडेसातशे. सराव आणि चाचणी फेऱ्या मी सोडून दिल्यात, हिशेबनीस मंडळींनी रागावू नये. ताशी तीनशेच्या वेगात हा साडेसातशे रुपयांचा मीटर बारा सहस्रांश सेकंदात मागे पडतो. पापणी लवायला याच्या आठ-दहा पट वेळ लागतो. शर्यत सरासरी दीड तासाची धरली तर एकेका गाडीला दर सेकंदाला चाळीस हजारांच्या वर.

मीटरचा भाव म्हटला की आपल्याकडचाही सांगायला हवा. नातेपुत्यावरून जाणाऱ्या पालखी महामार्गाची, दिवेघाट ते मोहोळ अशा २२१ किलोमीटरच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली, तेव्हा खर्च सांगितला होता ६,६९० कोटींहून जास्त. म्हणजे मीटरला तीन लाख. एका फॉर्म्युला वन संघाने सहा वर्षं शर्यतीत भाग घेतला नाही तर दिवेघाट ते मोहोळ रस्ता होतो. कोण कशासाठी खर्च करतं हा ज्याचा त्याचा प्रश्न. रस्त्यावरून वारकरी जातात, उसाचे ट्रॅक्टर जातात, आणि रात्री कोणी नाही बघून आमचीच पोरं बुलेट पिदडतात.

पैसा एवढा, तर जागा किती? १९५० साली जागतिक अजिंक्यपद सुरू झालं तेव्हापासून फॉर्म्युला वनच्या शर्यतीत प्रत्यक्ष सुटलेली माणसं आठशेसुद्धा भरत नाहीत. त्यात भारतीय दोन, नारायण कार्तिकेयन आणि करुण चंधोक, दोघेही तमिळनाडूचे. भारतीयाच्या नावावर फॉर्म्युला वनचे गुण आहेत ते सगळे मिळून पाच, आणि ते कार्तिकेयनने २००५ मध्ये इंडियानापोलिसला मिळवले. त्या दिवशी टायरच्या भांडणात चौदा गाड्या सुटण्याआधीच माघारी गेल्या होत्या आणि शर्यतीत उरल्या होत्या सहा. कार्तिकेयन चौथा आला. गुण ते गुण.

महाराष्ट्रातून या दारापर्यंत सगळ्यात जवळ गेला तो मुंबईचा जेहान दारूवाला. फॉर्म्युला वनच्या अगदी खालची पायरी म्हणजे फॉर्म्युला टू. त्यात शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय, डिसेंबर २०२०, बहारीनचा साखीर ट्रॅक. पुढच्या दोन वर्षांत मोंझालाही जिंकला. तरी वरची पायरी मिळाली नाही. वीस खुर्च्या होत्या. मुंबईचाच महिंद्रा समूह मात्र विजेच्या मोटारींच्या फॉर्म्युला ई मालिकेत पहिल्या हंगामापासून आहे. तिथला आकडा उलटा चालतो. तिसऱ्या पिढीची गाडी पळताना ३५० किलोवॉटपर्यंत वापरते आणि ब्रेक लावताना ६०० किलोवॉटपर्यंत परत कमावते. मागच्या चाकांना नेहमीचे ब्रेकच नाहीत, मोटार जनित्रासारखी चालवून ती थांबतात. कर्ज काढण्यापेक्षा वसुली जोरात, असा हा एकमेव धंदा असावा.

आणि मग पुण्याचे संजय टकले. २०२५ च्या जानेवारीत सौदी अरेबियातल्या डकार रॅलीत क्लासिक गटात ते टोयोटा लँड क्रूझर घेऊन उतरले. हा गट मला फार मजेचा वाटतो, कारण त्यात जोरात जाणाऱ्याला बक्षीस नाही. संयोजक सरासरी वेग ठरवून देतात. त्याच्या मागे राहिलात तर दंड, पुढे गेलात तरी दंड. वाळूच्या टेकड्या, खडक, जुनी गाडी, आणि शेजारी बसलेला सहचालक सेकंद सेकंद मोजतोय. वेगाच्या खेळातला वेग काढून टाकला तरी खेळ शिल्लक राहतो, कारण घड्याळ शिल्लक राहतं. पालखी सोहळ्यातल्या चोपदारांना हे वेगळं सांगायला नको. अठरा दिवस, लाखोंचा समाज, आणि कोणत्या दिवशी कुठे पोचायचं ते आधीच छापलेलं.

शरीरावर काय बेततं तेही थोडक्यात. मोंझासारख्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा चालक ताशी साडेतीनशेच्या आसपासच्या वेगातून ब्रेक लावतो तेव्हा त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर येतो. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो. पाचपट म्हणजे बत्तीस किलो. ऊसतोड कामगार डोक्यावर मोळी घेतो साधारण तेवढीच, पण तो ती खाली दाबणारी घेतो, चालकाच्या मानेला ती पुढे ओढते, आणि दर फेरीला पुन्हा. अपघातात तर आकडे माणसाच्या शरीरासाठी बनलेलेच नाहीत असे. २०२० मध्ये बहारीनला रोमाँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटरने कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, पेटली. धक्का ६७ पट. अठ्ठावीस सेकंद तो जाळात होता आणि चालत बाहेर आला. डोक्यावर टायटॅनियमची कमान होती, जी बारा टनांचा भार सोसेल अशी बनवतात. ती आणली तेव्हा गाडी कुरूप दिसते म्हणून याच खेळातल्या कितीतरी जाणत्यांनी नाकं मुरडली होती.

नातेपुत्यात मोटारींचा ट्रॅक नाही. पण शर्यतीचं शास्त्र या पट्ट्याला कोणी शिकवायला नको. माळशिरस, फलटण, माण, खटाव, सगळा मुलूख बैलगाडा मैदानांचा. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्या कायद्याच्या नियमात धाव हजार मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही, आणि बैलाला क्रूरपणे वागवलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. तरीही धावपट्टीच्या कडेला माणसं इतकी चिकटून उभी असतात की छकडा सुटला की जीव मुठीत धरावा लागतो. कमान आणि कठडे इथेही हवेत.

मैदानाची रचना ऐकायला साधी आहे. चाकोऱ्या आखलेल्या, एका गटात सात गाड्या धरू. गटातला पहिला सेमीला, सेमीतला पहिला फायनलला. सात गुणिले सात गुणिले सात. म्हणजे तीनच धावांत ३४३ गाड्यांतून एक उरते. फॉर्म्युला वनला जगज्जेता ठरवायला नऊ महिने आणि २४ देश-शहरं लागतात; इथे सकाळी नोंदणी झाली की दिवस मावळायला गुलाल. मधल्या वेळात बोलणी ऐकावीत ती ड्रायव्हरांची. छकड्यावर उभ्या राहणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात. दात न पालटलेला आदत कोणता, दोन दाती दुसा कोणता, कुठला बैल कोणाच्या जोडीला पळतो, आतल्या चाकोरीत माती भुसभुशीत आहे का, झेंडा पडताना कोण दचकतो. वेग किती, हे इथेही कोणी विचारत नाही.

मी विचारलं म्हणून सांगतो. २०२० मध्ये कर्नाटकातल्या कंबळ्यात चिखलातून रेड्यांच्या जोडीमागे धावत श्रीनिवास गौडाने १४२.५ मीटर १३.६२ सेकंदांत काटले. सेकंदाला साडेदहा मीटर, ताशी अडतीसच्या आसपास. आपल्या कोरड्या मैदानावर तोच वेग धरू, जास्त नको. आता निकालाचं भांडण घ्या. दोन जोड्या नाकाला नाक लावून आल्या, झेंडा पंचाने निकाल एकाला दिला, दुसऱ्याने हरकत घेतली आणि मोबाईल पुढे केला. साधा मोबाईल सेकंदाला ३० चित्रं घेतो. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत बैल ३५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे दोन बैलांतलं अंतर वीतभर असेल तर रेषा ओलांडली तो क्षण त्या चित्रफितीत नसूही शकतो. दोन चित्रांच्या मध्ये तो पडून गेलेला असेल. ज्याला जे बघायचं तो तेच चित्र थांबवून दाखवतो, आणि दोघेही खरं बोलत असतात. सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन लावला तर ही फट साडेचार सेंटिमीटरवर येते. सहस्रांश वाचणारं घड्याळ आणलं तर एक सेंटिमीटरवर.

हेरेझला १९९७ मध्ये तीन बोटांची फट उरली होती, इथे एका बोटाची उरेल. त्यानंतरही नाकं बरोबर आली तर आधी कोणी नोंदवलं हा नियम लावता येणार नाही, कारण दोघं एकाच गटात एकाच वेळी धावलेत. मग ती दोन नावं पुन्हा पुकारावी लागतील, बैलांना विसावा द्यावा लागेल, आणि तोवर प्रेक्षकांनी पट्टीपासून जरा मागे सरावं, एवढं माइकवरच्या निवेदकाला सांगता येईल.